प्रेमाचा लेप

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर एक नाव कोरलेलं आहे, जॉन स्मिथ, आणि सोबत तारीख, २८ एप्रिल १८१९. मद्रासच्या घोडदळातला हा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला होता आणि वाघूर नदीच्या घळीत त्याला ही लेणी दिसली. तेव्हा लेण्यात छातीइतका राडारोडा साचलेला होता. त्या ढिगाऱ्यावर उभं राहून त्याने नाव कोरलं, म्हणून आज ते आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. कोऱ्या दगडावर कोरलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ही अक्षरं रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावरून गेली आहेत. गाइड विजेरी मारून ती दाखवतो, मंडळी चुकचुकतात, कुणीतरी इंग्रजांच्या नावाने बोटं मोडतं आणि घोळका पुढे सरकतो.

ते नाव बुजवणं अशक्य आहे अशातला भाग नाही. भित्तिचित्रांवर काम करणाऱ्या कसलेल्या माणसाला एवढा ओरखडा भरून भोवतीच्या रंगाशी मिळवून देणं जमेल. तरी कुणी ते केलेलं नाही, आणि करू नये असंच त्या क्षेत्रातल्या बहुतेकांचं मत पडेल. दोनशे वर्षांत तो ओरखडाही लेण्याच्या चरित्रात जमा झाला आहे.

मला मात्र त्या नावाकडे बघताना वेगळंच काही सुचत राहतं. पाणी, वटवाघळं, किडे यांनी जे केलं ते सोडून देऊ. नुसता माणसांनी केलेल्या नुकसानीचा हिशेब मांडला तर स्मिथच्या नावावर वीतभर घाव निघेल. भिंतीच्या भिंती ज्यांच्या हातून बिघडल्या त्यांचा या चित्रांवर जीव होता. ती उजळावीत, टिकावीत, जगाला दिसावीत म्हणून त्यांनी जे काही केलं, त्याचीच दुरुस्ती आजचे संवर्धक करत बसले आहेत.

हे कसं झालं ते कळायला आधी भिंत कळायला हवी. अजिंठ्याचा दगड म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा कातळ. कारागिरांनी छिन्नीच्या खुणा खडबडीतच राहू दिल्या, म्हणजे वरचा गिलावा त्यांत धरून बसेल. गिलावा मातीचा, त्यात दगडाची कच, भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे धागे. त्यावर आणखी बारीक मातीचा हात आणि सगळ्यांत वर चुन्याचा पातळ थर. चित्र काढलं ते हा चुना सुकल्यावर. युरोपातल्या फ्रेस्कोची गोष्ट वेगळी. तिथे ओल्या चुन्यावर रंग लावतात, चुना वाळता वाळता रंगाचे कण आपल्या पोटात घेतो आणि भिंत व रंग एकजीव होतात. अजिंठ्याचे रंग सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या पृष्ठावर लावलेले आहेत. काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती, निळ्यासाठी पार अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. म्हणजे कातळ, माती, चुना आणि रंग असे चार स्वभावांचे थर एकमेकांचा हात धरून दीड हजार वर्षं उभे आहेत. ओल आली की माती फुगते, कातळ फुगत नाही, आणि मधल्यामध्ये चुन्याचा पापुद्रा सुटतो. तूस आणि गवत म्हणजे किड्यांना मेजवानीच. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे सापडल्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि तिथला गिलावा किडीपासून बचावला याचं श्रेय अभ्यासकांनी भांगेला दिलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात त्यांना भांग आढळली नाही. भांगेअभावी नुकसान झाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं.

अशा भिंतीसमोर मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली येऊन उभा राहिला. कंपनी सरकारने त्याला नकला करायला पाठवलं होतं आणि तो जवळजवळ वीस वर्षं, १८६३पर्यंत, ते काम करत राहिला. त्याची कॅनव्हासवरची मोठमोठी तैलचित्रं लंडनजवळ सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि डिसेंबर १८६६च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग १८७२पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नावारूपाला आलेला चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होता. त्यांच्याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतल्या कितीतरी नष्ट झाल्या. मूळ चित्रं मातीवर, काळोखात, गळक्या डोंगरात दीड हजार वर्षं टिकली. इंग्लंडच्या राजधानीत पक्क्या छपराखाली ठेवलेल्या नकलांना वीस-बावीस वर्षंही धड लाभली नाहीत. वाचलेल्या नकला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि आता त्यांचंच संवर्धन करण्याची वेळ आली.

नकला करणाऱ्यांची एक अडचण होती. काळोख, धूर आणि धुळीने चित्रं मंदावली होती, रेषा डोळ्यांना लागत नव्हती. तेव्हा त्यांनी मूळ चित्रावरच व्हार्निश फिरवलं. नदीतला गोटा पाण्यात असताना रंगीत दिसतो, हातात घेऊन वाळला की राखाडी पडतो. व्हार्निश हेच करतं, रंगकणांमधली हवा हाकलून पृष्ठ कायमचं ओलं ठेवल्याचा भास उभा करतं. त्या दिवशी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला काय वाटलं असेल याची कल्पना येते. ब्रश फिरताच धुळीतून मुकुट वर आला, ओठांची कड दिसली, कमळाची पाकळी सुटी झाली. असा अनुभव आलेल्या माणसाला थांब म्हणून कोण सांगणार? पण व्हार्निशला धूळ चिकटते, ते काळवंडतं, आकसतं, आणि आकसताना खालचा रंग आपल्याबरोबर ओढतं.

पुढचा अंक हैदराबादचा. लेणी निजामाच्या राज्यात होती. १९१४ साली संस्थानाने पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. खर्चाकडे न बघता उत्तमातला उत्तम माणूस आणायचा असं ठरलं आणि १९२०मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी काउंट ओर्सिनी आले. दोन हंगाम त्यांनी काम केलं. सुटलेल्या गिलाव्याच्या कडा बांधून घेतल्या, लोंबणारे पोपडे परत बसवले, जुनं व्हार्निश जमेल तिथे काढलं. त्यांनी हे केलं नसतं तर आज आपण जे बघतो त्यातलं बरंच जमिनीवर पडून माती झालं असतं. त्यांची थट्टा करणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. मात्र पोपडे धरून ठेवण्यासाठी त्यांनी चित्रांना लाखेचं व्हार्निश दिलं.

लाख म्हणजे आपल्या सुतारांचा चपडा. लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर टाकलेली राळ वितळवून तिचे पातळ पत्रे करतात आणि ते स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला हात मारतात. जुन्या वाड्यातल्या शिसवी पलंगाची लकाकी तीच. चपडा ताजा असतो तेव्हा स्पिरिटने सहज निघून येतो आणि कामाच्या माणसाला यापेक्षा मोठा भरवसा तो काय? नको वाटलं की पुसून टाकू. पण लाखेचे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांत गुंतत जातात. थर पिवळा होतो, मग तपकिरी, ठिसूळ, आणि एके दिवशी स्पिरिटला दाद देईनासा होतो. तो काढायला मग अधिक तिखट द्रव लागतो, आणि तो द्रव चपडा कुठे संपला आणि रंग कुठे सुरू झाला हे विचारत बसत नाही.

याचा एक परिणाम भिंतीवर झाला, दुसरा आपल्या डोळ्यांवर. याझदानींचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. ते देखणे आहेत आणि अजिंठा जगाच्या घरी पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांतली छायाचित्रं लाख चढलेल्या भिंतीची आहेत. पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी अजिंठा म्हणून जो मधाळ, उदास, सायंकाळच्या प्रकाशातला तपकिरी रंग मनात धरला, कॅलेंडरांवर छापला, साड्यांवर विणला, रंगमंचाच्या पडद्यांवर उतरवला, त्यात वाकाटककाळातल्या मूळ चित्रकारांचा वाटा किती आणि चपड्याचा किती हा प्रश्न त्रासदायक आहे. करुणेचा रंग म्हणून आपण ज्याच्यावर लेख लिहिले तो काही अंशी फर्निचरच्या पॉलिशचा रंग होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेने हा थर उतरवायला घेतला, दहाव्या लेण्यातही. तिथे काजळी आणि लाखेखालून इसवी सनापूर्वीच्या चित्रांचे अवशेष जास्त स्पष्ट झाले. हे काम बघायला कुणी तिकीट काढून बसणार नाही इतकं ते संथ असतं. बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळून बोटाच्या पेराएवढा बोळा करतात. तो द्रवात बुडवून, टिपकागदावर दाबून, जवळजवळ कोरडा करून पृष्ठावर ठेवतात आणि लोळवतात. घासत नाहीत, घासलं की रंगाचा कण उचकटतो. एक वळसा, दुसरा वळसा, मग बोळा डोळ्यांसमोर धरून बघायचं. बोळ्यावर तपकिरी आलं तर पुढे जायचं. तांबूस किंवा हिरवट झाक दिसली तर हात तिथेच थांबला पाहिजे, कारण ते चित्र निघून येतंय. बोळा टाकून नवा घ्यायचा. असं करत संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा तुकडा झाला तर दिवस कारणी लागला.

तैलचित्रांच्या कार्यशाळेत हाच बोळा कधीकधी तोंडात फिरवतात. माणसाची थुंकी हे धूळ आणि चिकटा काढायला मोठं गुणकारी साधन आहे. कोमट असते, तीव्र नसते आणि तिच्यातलं अमायलेज मळातला पिष्टमय भाग फोडतं. पिढ्यान्पिढ्या संवर्धक हे करत आले आणि पाहुणा आला की बोळा लपवत आले. पोर्तुगालमधल्या तिघा संशोधकांनी थुंकीची रीतसर तपासणी केली तेव्हा ती खरोखरच चांगली ठरली, आणि त्याबद्दल त्यांना २०१८ सालचं इग नोबेल मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते. आपल्याकडे उष्ट्याचा एवढा विचार. पण कोट्यवधींच्या चित्रावर शेवटी माणसाचा ओला श्वास आणि लाळच कामाला येते, याचं मला कौतुक वाटतं.

प्रेमाच्या लेपाची गोष्ट अजिंठ्याचीच आहे असं मात्र समजू नये. मिलानमध्ये लिओनार्दोने १४९५ ते १४९८ या काळात ‘अखेरचं भोजन’ रंगवलं तेही कोरड्या भिंतीवर. फ्रेस्कोत घाई करावी लागते, आणि घाई त्याच्या स्वभावात नव्हती. त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. मग एकामागून एक वैद्य आले. १७२६ साली बेलोत्तीने आपल्या गुप्त नुस्ख्याने चित्र साफ केलं आणि बरंचसं नव्याने रंगवलं. १७७०मध्ये माझ्झाने बेलोत्तीचं काम खरवडलं आणि स्वतःचं चढवलं. ओरड झाली म्हणून थांबवला गेला, नाहीतर सगळ्याच शिष्यांना नवे चेहरे मिळाले असते. १८२१ साली बारेझ्झी भिंतीवरून चित्र सोलून काढायला निघाला, काही भाग फोडून बसला आणि मग तेच तुकडे चिकटवत राहिला. विसाव्या शतकात कावेनाघी, सिल्वेस्त्री, पेलिच्चोली. दरम्यान ऑगस्ट १९४३मध्ये बॉम्ब पडून त्या दालनाचं छप्पर आणि एक भिंत कोसळली, पण वाळूच्या पोत्यांआडची चित्राची भिंत उभी राहिली. शेवटी १९७७ ते १९९९ पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन नावाच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली बसून या सगळ्यांचे हात एकेक करून उतरवले. चित्र रंगवायला लिओनार्दोला तीनेक वर्षं लागली. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांपासून ते सोडवायला या बाईंची बावीस वर्षं गेली.

सोडवल्यावर खाली जे उरलं ते फारच थोडं होतं. आता रिकाम्या जागांचं करायचं काय? या प्रश्नापाशी संवर्धन हस्तकौशल्याच्या पलीकडे जातं. चेझारे ब्रांदी या सिएनाच्या कलाचिंतकाने रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संस्थेत याचा एक मार्ग काढला आणि १९६३च्या आपल्या ग्रंथात त्याची तात्त्विक मांडणी केली. गेलेल्या जागी जलरंगाच्या केसाएवढ्या बारीक उभ्या रेघा शेजारीशेजारी मारायच्या. चार पावलांवरून बघितलं तर रेघा मिसळतात आणि चित्र एकसंध वाटतं. जवळ जाऊन बघितलं तर हे मूळ नाही, भरलेलं आहे, हे स्वच्छ दिसतं. जलरंग अशासाठी की उद्या कुणाला पटलं नाही तर ओल्या बोळ्याने पुसता यावं. आणि जिथे काय होतं याचा पुरावाच नाही तिथे रेघाही मारायच्या नाहीत. उगाच डोळ्यांत येणार नाही असा एक शांत रंग देऊन ती जागा हरवलेली म्हणून राहू द्यायची.

मला यातलं शेवटचं कलम सगळ्यांत अवघड वाटतं, विशेषतः आपल्याला. आपला शब्द जीर्णोद्धार. जे जीर्ण झालं त्याचा उद्धार करायचा, म्हणजे ते पुन्हा नवं करायचं. गावोगावी हेमाडपंती देवळांच्या खांबांना ऑइलपेंट फासलेला असतो तो कुणी दुष्टाव्याने फासलेला नाही. वर्गणी काढून, उत्सवाच्या तोंडावर, देवासाठी फासलेला आहे. भंगलेली मूर्ती पूजेत चालत नाही, तिचं विसर्जन करावं असं शास्त्र सांगतं. पूजेच्या जगात तो विचार सुसंगतही आहे, कारण तिथे महत्त्व वस्तूला नसून तिच्यात वसणाऱ्या देवाला आहे. चित्राचं तसं नाही. चित्रात दुसरं कुणी वसत नाही, ते स्वतःच आहे. त्याचा नवा अवतार काढता येत नाही. पंढरपूर आणि कोल्हापूरच्या मूर्तींच्या संवर्धनावरून झालेले वाद वर्तमानपत्रांत वाचताना जाणवतं की बोलणारे दोन्ही बाजूंनी प्रामाणिक आहेत, फक्त एक पक्ष मूर्तीबद्दल बोलतोय आणि दुसरा देवाबद्दल.

या दोन जगांची सीमारेषा अलीकडे सप्तशृंगगडावर दिसली. देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्पिढ्या शेंदराचे थर चढत गेले होते आणि भाविकांना ठाऊक असलेला चेहरा त्या थरांचा होता. २०२२ साली शेंदूर उतरवला गेला आणि दगडात कोरलेली मूळ मूर्ती समोर आली. लहानपणापासून जिचं दर्शन घेतलं ती आई वेगळी दिसू लागली. बेल्जियममधल्या गेंट शहरात याच सुमारास असंच काहीसं घडलं. व्हॅन आइक बंधूंच्या १४३२ सालच्या वेदीचित्रातला मधोमध उभं असलेलं कोकरू सोळाव्या शतकात कुणी तरी सौम्य करून रंगवलं होतं. वरचा रंग उतरवल्यावर खालून थेट बघणाऱ्याकडे रोखलेले, जवळजवळ माणसाचे वाटावेत असे डोळे निघाले. लोकांनी थट्टा केली, काहींना भीती वाटली. पण व्हॅन आइकने ते तसेच रंगवले होते. पावणेपाचशे वर्षं भाविक आणि रसिक ज्याच्यापुढे नम्र झाले ते दुरुस्तीवाल्यांचं कोकरू होतं. गड आणि गेंट यांत कोणतं खरं या प्रश्नाला माझं उत्तर एकच नाही. गडावर जे झालं त्याचा निर्णय पूजा करणाऱ्यांचा. चित्राच्या बाबतीत मात्र मी निःशंक आहे, डोळे व्हॅन आइकचेच हवेत, मग ते कितीही अंगावर येवोत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग काही करूच नये, हे बरं. एवढं सोपंही नाही. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमधली मायकेलअँजेलोची चित्रं १९८० ते १९९४ या काळात साफ झाली तेव्हा काजळी आणि सरसाखालून लिंबू, नारिंगी, हिरवे असे झगझगीत रंग बाहेर पडले आणि मोठमोठे अभ्यासक हादरले. जेम्स बेक या प्राध्यापकाने आरोप केला की मळाबरोबर कलावंताने शेवटी सुक्यावर दिलेल्या छायाही धुऊन काढल्या गेल्या. माझं मत विचाराल तर साफ करणाऱ्यांनी एकूण बरोबर केलं. पण बेकच्या आक्षेपातली एक गोष्ट खोडता येत नाही. चिकटवलेलं सोडवता येतं, भरलेलं काढता येतं, रंगवलेलं पुसता येतं. साफ केलेलं पुन्हा मळवता येत नाही. संवर्धनातली ती अशी क्रिया आहे जिला मुळातच परतीचा रस्ता नाही, आणि नेमकी तीच सगळ्यांत जास्त टाळ्या मिळवते. उलट बाजूला, हात न लावणंही निर्दोष नसतं. अजिंठ्याची लाख तशीच ठेवली तर ती दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात थोडाथोडा रंग ओढत राहणार. न करण्याचंही बिल येतं.

रसायनं बदलली म्हणून माणसाचा मोह बदलला असंही दिसत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखेची जागा कृत्रिम राळेने घेतली. पारदर्शक, पिवळी न पडणारी, शास्त्रीय. मेक्सिकोतल्या माया लोकांच्या भित्तिचित्रांना ती भरवशाने लावली गेली. काही दशकांत तिच्याखाली क्षार साठले आणि ती पृष्ठासकट पापुद्र्याने सुटू लागली. आता इटालियन रसायनतज्ज्ञ तीही उतरवत आहेत.

कॅनव्हासच्या चित्रांची हीच कहाणी पाठीमागून घडली. कॅनव्हास जीर्ण झाला की त्याच्या पाठीला दुसरा कॅनव्हास चिकटवायचा ही युरोपातली जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये त्यासाठी मेण आणि राळेचं मिश्रण आलं, गरम इस्त्रीने आत मुरवायचं. पद्धत जगभर पसरली, आपल्याकडेही. मुरलेलं मेण पुन्हा पूर्ण काढता येत नाही, त्याने रंग गडद पडतात, आणि आपल्या हवेत तर ते मऊ होऊन धूळ धरतं. १९७४ साली इंग्लंडमध्ये ग्रिनिचला संवर्धकांची परिषद भरली तिथे या सवयीची झाडाझडती झाली. अॅमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत काम करणारे विश्वराज मेहरा हे मूळचे भारतीय संवर्धक त्या चर्चेतलं महत्त्वाचं नाव. त्यांची पद्धत उष्णतेशिवाय, मेणाशिवाय, नुसत्या पृष्ठाला टेकेल एवढ्याच चिकटीने आधार देण्याची होती. त्या परिषदेनंतर निरोगी चित्राच्या पाठीला सवयीने काही चिकटवणं बंद होत गेलं. या व्यवसायाचा विसाव्या शतकातला सगळा प्रवास असा कमी करण्याकडे झाला आहे, आणि दुसऱ्या कुठल्या कलाकौशल्याबद्दल असं म्हणता येईल ते मला चटकन सुचत नाही. चांगल्या संवर्धकाची सही चित्रावर नसते. ती फायलीत असते. कोणत्या दिवशी कोणता द्रव, किती टक्के, कोणत्या कोपऱ्यात, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. ती फाइल पन्नास वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहिलेली असते, आणि तो आपलं काम उतरवणार आहे हे गृहीत धरून लिहिलेली असते.

त्यापुढची पायरी म्हणजे चित्राला हातच लावायचा नाही, त्याच्या भोवतालाची काळजी घ्यायची. मिलानला पंधरा मिनिटांसाठी मोजकी माणसं सोडतात, तीही हवा गाळणाऱ्या दालनांतून. फ्रान्सने लास्कोची गुहा १९६३ साली बंद केली आणि वीस वर्षांनी शेजारी प्रतिकृती उभी केली. अजिंठ्याला गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवून एसटीच्या बसने पुढे नेतात, ते धुरापासून चित्रं वाचावीत म्हणून. पण बसमधून उतरलेली माणसं श्वास घेतातच. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी पहिल्या लेण्यात ओल्या कपड्यांनिशी दाटीवाटीने उभं राहिलं की चष्म्यावर वाफ धरते. तीच वाफ मातीच्या गिलाव्यालाही धरते. मी स्वतः त्या गर्दीत उभा राहिलो आहे, तेव्हा दोष दुसऱ्यावर ढकलत नाही. चित्रांची लेणी वर्षातले काही महिने तरी बंद ठेवावीत आणि लोकांना उत्तम प्रतिकृती दाखवाव्यात, हे मत लोकप्रिय होणार नाही हे माहीत असूनही मांडतो.

आता थोडं घरचं. आपल्याकडे कितीतरी घरांत, संस्थांत, वाचनालयांत पणजोबांची किंवा देणगीदाराची तैलचित्रं भिंतीवर आहेत आणि दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरतात. त्यांच्यावर कापलेला बटाटा फिरवू नका, खोबरेल किंवा जवसाचं तेल लावू नका, ओलं फडकं तर अजिबात नको. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका; टांगायचंच असेल तर मागे बुचाचे दोन तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. दुरुस्तीला देताना फ्रेमवाल्याकडे किंवा साइनबोर्ड रंगवणाऱ्याकडे देऊ नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, लखनौला १९७६पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, तिथे विचारा. आणि चित्रातून रंगाचा पोपडा खाली पडलेला दिसला तर तो केरात लोटू नका. कोऱ्या कागदावर अलगद घ्या, पाकिटात घाला, कुठून पडला ते आणि तारीख वर लिहा आणि पाकीट चित्रासोबतच ठेवा. तो परत बसवता येतो.